मेणाच्या डागांवर इस्त्री आणि टिश्यू पेपर: काही महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीतल्या मेणाच्या पणत्या, मग नाताळ, वाढदिवस, मध्येच वीज गेली की मेणबत्ती. घरातल्या कापडांवर मेण सांडायला निमित्तं पुष्कळ. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत हे डाग साधी कोरडी इस्त्री आणि किचन टिश्यू एवढ्याच सामानावर काढले. पद्धत चांगली आहे, मात्र तिचं यश इस्त्रीपेक्षा कागदावर जास्त अवलंबून आहे आणि नेमकं कागदाकडेच दुर्लक्ष होतं.

मेणबत्तीतलं पॅराफिन साधारण 50 ते 65 अंश सेल्सियसला वितळतं. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे कमाल 110 अंश, तेवढं पुरून उरतं. कापड सुती आहे म्हणून तीन ठिपक्यांवर, म्हणजे 200 च्या आसपास नेलं, तर मेण पाण्यासारखं पातळ होऊन चहूकडे पसरतं आणि रंगीत मेणबत्ती असेल तर रंग धाग्यात पक्का बसतो.

सांडलेलं मेण ओलं असताना अजिबात पुसू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दहा मिनिटं डागावर ठेवा, नाहीतर कपडा अर्धा तास फ्रीजरमध्ये. मग कापड वाकवलं की मेण तडकतं, ते चमच्याच्या कडेने अलगद खरवडा. जरीकाम असेल तिथे नखसुद्धा लावू नका, तार उचकटते. पैठणीसारखी साडी सरळ ड्रायक्लीनरकडे द्यावी आणि डाग मेणाचा आहे हे सांगूनच द्यावी.

इस्त्रीसाठी खाली जुना टॉवेल, त्यावर टिश्यूचे दोन पदर, मग डाग, वर पुन्हा दोन पदर. इस्त्री पाच सेकंद टेकवायची आणि उचलायची, घासायची नाही. कागदावर सामोशाच्या कागदासारखा तेलकट, आरपार दिसणारा ठसा येतो. लगेच खालचा-वरचा दोन्ही कागद कोऱ्या भागावर सरकवायचा. तोच कागद पुन्हा वापरला की त्यातलं मेण परत कापडात उतरतं. बहुतेकांचा डाग मोठा होतो तो इथेच. वाढदिवसाच्या मेणबत्तीचा थेंब चार-पाच वेळांत निघतो, पणती उलटली असेल तर बराच धीर हवा.

कागद छपाई नसलेला हवा. वर्तमानपत्राची शाई हलक्या रंगावर उतरते. बटर पेपर मेण शोषतच नाही. वह्यांना घालायचा खाकी कागद चालतो, पण एका बाजूने चकचकीत असेल तर नको. तो प्लास्टिकचा थर इस्त्रीच्या तव्याला चिकटतो. स्टीम इस्त्री असेल तर वाफ पूर्ण बंद ठेवा, कारण ओला कागद मेण ओढत नाही. शिवाय वाफेच्या भोकांत मेण शिरलं तर पुढच्या कपड्यावर डाग ठरलेला.

डाग गेलासा वाटला की कापड गार होऊ द्या आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर आत मेण आहे, पसरून जिरला तर निघालं. (जलरोधक कापडावर ही परीक्षा लागू नाही.) त्यानंतर भांडी घासायचं लिक्विड कोमट पाण्यात घालून चोळा.

उरतो तो रंग. तो इस्त्रीने जात नाही. सर्जिकल स्पिरिट आधी आतल्या शिवणीवर तपासा, मग कापसाच्या बोळ्याने टिपा. त्या वेळी इस्त्री बंद आणि गार असली पाहिजे, जवळ दिवा नको, खिडकी उघडी ठेवा. गडद लाल रंग फिका होतो, संपूर्ण जाईलच असं नाही.

सोफ्यावर ही पद्धत कमी पडते. खाली कागद सरकवता येत नाही, त्यामुळे वितळलेलं मेण निम्मं वर येतं आणि निम्मं फोममध्ये जातं. तिथे बर्फ आणि खरवडणं यावरच भर द्या. इस्त्री लावलीच तर दोन-दोन सेकंदच. कव्हर निघत असेल तर काढूनच करा. मखमलीची लव इस्त्रीखाली बसते ती कायमची, म्हणून तीही नको.

जाड पांढऱ्या सुती चादरीवर मेण फार सांडलं असेल तर कागदाच्या नादी लागू नये. बाटिकवाले (मेणाने नक्षी काढून कापड रंगवणारे) करतात तसं जुन्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून चादर उकळावी. मेण सुटून वर तरंगतं. चादर गरम असतानाच चिमट्याने बाहेर काढावी, नाहीतर मेण पुन्हा तिलाच चिकटतं. रेशीम आणि लोकर यांना सोडा चालत नाही. उरलेलं पाणी पूर्ण गार झाल्यावर वरचा घट्ट थर काढून मगच मोरीत ओता. गरम ओतलं तर मेण पाइपात गोठतं.