आरओपी तपासणी: डोक्यावरचा दिवा बरा की कॅमेरा?

आरओपी म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या नीट न वाढण्याचा आजार. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा. २८ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा १२०० ग्रॅमहून हलकं असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. डिस्चार्जच्या वेळी दिव्याने डोळ्यातली लाल चमक बघतात. ती चाचणी जन्मजात मोतीबिंदू हेरते, आरओपी नाही. त्यामुळे 'डोळे बघून झालेत' एवढ्यावर विसंबू नका.

पुण्यात दोन्ही पद्धती मिळतात. पहिलीत डॉक्टर डोक्याला दिवा बांधून हातातल्या भिंगातून पडदा पाहतात आणि कडेपर्यंत नजर पोचावी म्हणून बारीक दांडीने डोळा हलकाच दाबतात. दुसरीत डोळ्यावर जेल घालून कॅमेऱ्याचं टोक बुबुळावर टेकवतात; पडद्याचा मोठा भाग एका फोटोत येतो. पापण्या उघड्या ठेवणारी क्लिप दोन्हीकडे लागते, म्हणून 'कॅमेऱ्याने दुखत नाही' हा समज सोडून द्या.

खरी काळजी थेंबांची घ्यायची. बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फेनिलेफ्रिन ५ टक्के हे बाजारातलं मिश्रण वापरतात, पण बाळासाठी ते कृत्रिम अश्रूंच्या थेंबांत निम्मं पातळ करावं लागतं. एकेक थेंब, १०-१५ मिनिटांच्या अंतराने, दोन-तीनदा. पातळ न करता घातलं तर रक्तदाब वाढू शकतो, पोट फुगू शकतं, दूध पचेनासं होऊ शकतं. गालावर ओघळलेलं औषध लगेच पुसायचं आणि नाकाशेजारचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात कमी जातं.

डोळ्यावर दाब आला की हृदयाचे ठोके मंदावू शकतात, ऑक्सिजन खाली येतो, क्वचित श्वास थांबतो. म्हणून बाळाच्या पायाला पल्स ऑक्सिमीटर हवाच. तासभर आधी दूध थांबवा. पोट भरलेलं असलं की उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळा. सुन्न करणारा थेंब घालतात, शिवाय दोन मिनिटं आधी २४ टक्के साखरपाणी जिभेवर, अर्धा मिलीपर्यंत. काजळ त्या दिवशी नको (एरवीही नकोच).

निवड कशी करायची? बाळ अजून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), ऑक्सिजनवर असेल तर आम्ही पहिली पद्धतच सुचवू: उपकरणं पिशवीत मावतात, डॉक्टर बाळापाशी येतात. त्या नाजूक जिवाला कॅमेऱ्यासाठी शहरभर फिरवू नये. घरी गेलेलं, स्थिर बाळ असेल तर कॅमेरा उपयोगी. मागच्या आठवड्याचा फोटो शेजारी ठेवून रक्तवाहिन्या किती पुढे सरकल्या ते दिसतं, जुन्नर-भोरकडच्या पालकांना तोच फोटो दाखवून दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घेता येतं. मात्र पडद्याची अगदी बाहेरची कड कॅमेऱ्यातून सुटू शकते. 'आता तपासणी बंद' हा निर्णय डोक्यावरच्या दिव्याने पाहूनच घ्यावा.

पुढची तारीख लेखी घ्या. आजार उपचारांच्या टप्प्यावर असेल तर लेझर किंवा इंजेक्शन ४८ ते ७२ तासांत व्हायला हवं, तिथे लग्नकार्य किंवा सुट्टी आड येऊ देऊ नका.

तपासणीनंतर डोळे लाल दिसणं, पापण्या जराशा सुजणं हे एक-दोन दिवसांत ओसरतं. बाहुली काही तास मोठी राहते, तेव्हा उन्हात चेहऱ्यावर सावली धरा. बाळ दूध ओढत नसेल, पोट फुगलं असेल किंवा श्वास मध्येच थांबून ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.