कॅम्पर व्हॅनला बसवलेल्या खिडक्या: वर्षभराच्या वापरानंतर

आमची कॅम्पर, म्हणजे झोपण्या-शिजवण्याची सोय केलेली व्हॅन, ही सेकंडहँड फियाट डुकाटो, एल2एच2 (मधली लांबी, मधली उंची). लांबी 5.41 मीटर, आत ताठ उभं राहता येतं. मूळची मालवाहू, त्यामुळे मागे सगळा बंद पत्रा. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. शनिवार-रविवार जवळचे डोंगराळ भाग, यॉर्कशायर डेल्स नाहीतर लेक डिस्ट्रिक्ट, उन्हाळ्यात स्कॉटलंड. पलंग, ओटा, वायरिंग यांत नंतर बदल करता येतो. पत्र्याला पाडलेलं भोक मात्र बुजत नाही, म्हणून खिडक्यांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला.

पर्याय मुख्यतः दोन. एक, गाडीची काच: पत्रा कापून त्या जागी पॉलियुरेथेनने (गाडीच्या काचांसाठीच्या मजबूत गोंदाने) चिकटवायची. बाहेरून कंपनीतूनच आल्यासारखी दिसते, चोराला सहज उचकटता येत नाही, काळसर घेतली की दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही. दोन, अ‍ॅक्रिलिकच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) दुहेरी तावदानाची, वरच्या बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी. हिच्या आतल्या चौकटीतच ओढायचा पडदा आणि किड्यांची जाळी येते. आम्हाला ती काचेपेक्षा बरीच महाग पडली.

आम्ही दोन्ही घेतल्या. सरकत्या दाराला चिकटवलेली काच आणि समोरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला दोन उघडणाऱ्या खिडक्या: ओट्यापाशी 700 बाय 400 मिलिमीटरची, पलंगापाशी 900 बाय 500 ची. वर्षभरानंतरही मला ही वाटणी बरोबर वाटते. जिथे झोपायचं आणि शिजवायचं तिथे हवा हवी. दारापाशी नुसता उजेड पुरतो, कारण हवा हवी असेल तर दारच उघडतं.

सरकत्या दाराचा मुद्दा नीट समजून घ्या. इथे ते डाव्या बाजूला असतं आणि उघडलं की मागच्या पत्र्याला जेमतेम फट ठेवून त्याच्यावरून सरकतं. त्या पत्र्यावर बाहेर आलेल्या चौकटीची खिडकी बसवली तर दार तिच्यावर आदळू शकतं. चौकट बसण्याइतकी फट असली, तरी खिडकी उघडी असताना कोणी दार ओढलं की तावदान गेलं. लहान मुलं असतील तर हे कधीतरी होणारच. आम्ही तो पत्रा बंदच ठेवला आणि आतून तिथे कपाट केलं.

गाडीची नोंद डीव्हीएलएकडे (इथलं वाहन नोंदणी खातं) मोटर कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, म्हणून बदलून हवी असेल, तर त्यांच्या बाहेरून दिसणाऱ्या अटींमध्ये निदान एका बाजूला दोन खिडक्या ही एक अट आहे. ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या दारांच्या काचा त्यात मोजत नाहीत. आमची उजवी बाजू त्यात बसते.

आता बसवण्याबद्दल. व्हॅनची बाजू सपाट दिसते, पण सपाट नसते. लांब सरळ पट्टी उभी धरून बघा, मधे फुगवटा दिसतो. चौकट मात्र सपाट असते. त्यामुळे खिडकी जितकी उंच, तितका वरच्या आणि खालच्या कडेला सीलवर ताण. आमच्या खिडक्यांना 26 मिलिमीटर जाडीची भिंत लागते आणि पत्रा तर एक मिलिमीटरचाही नाही, म्हणून आतून लाकडी पट्ट्यांची चौकट करावी लागली. या पट्ट्या फुगवट्याप्रमाणे तासून घेतल्या, आणि गळती न होण्याचं निम्मं श्रेय मी त्यांनाच देते. उरलेलं ब्युटाइल या मऊ, चिकट सीलंटला. ते कडक होत नाही, दाबलं की फटीत बसतं, आणि उद्या खिडकी काढायची वेळ आली तर सुटतंही. पॉलियुरेथेन काचेसाठी उत्तम, पण अ‍ॅक्रिलिकला ते लावण्यापूर्वी खिडकीच्या कंपनीची सूचना वाचाच.

पत्रा कापताना जिगसॉमधून (विजेच्या करवतीतून) उडणारा गरम कीस रंगावर बसतो आणि पावसाचं पाणी लागलं की त्याचेच नारिंगी ठिपके होतात. बाहेरून रुंद मास्किंग टेप, आतून प्लास्टिकची पिशवी चिकटवून कीस धरायचा, नंतर कानशीने कड गुळगुळीत करून गंजरोधक प्रायमरचे दोन हात. हा प्रायमर नीट वाळू द्यायला हवा. आम्ही त्या रात्री भोकांवर ताडपत्री बांधून ठेवली.

हिवाळ्यात दोन प्रकारांतला फरक डोळ्यांना दिसतो. सकाळी दाराच्या काचेवरून पाण्याचे ओघळ खालच्या रबरात साचलेले असतात, रोज फडक्याने टिपावे लागतात. अ‍ॅक्रिलिकवर कोपऱ्यांत थोडीशी वाफ, बस. दाराच्या काचेला आता आम्ही रात्री थर्मल पडदा लावतो. उघडणाऱ्या खिडक्यांच्या कडीला एक मधली खाच असते, तिच्यावर ठेवलं की बारीक फट राहते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा झोपताना म्हणाल्या, "खिडकी जरा किलकिली ठेव गं, कोंडल्यासारखं होतं." रात्रभर पाऊस होता, त्या फटीतून थेंबही आत आला नाही. गॅससाठी मात्र ही फट धरू नका. त्याला जमिनीलगत आणि वर कायम उघडे झरोके हवेतच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवाच.

स्कॉटलंडमध्ये जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, तिथे चौकटीतला पडदा सोन्याचा वाटला. मिज नावाची तिथली बारीक चिलटं मात्र चौकटीच्या कडेला फट दिसली की येतातच, म्हणून दिवा लावण्याआधी जाळी तळापर्यंत ओढायची.

अ‍ॅक्रिलिकचा खरा तोटा म्हणजे ओरखडे. अरुंद रस्त्यांवर झुडपं घासतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक रेघ दिसते. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट यांपैकी काहीही त्यावर मारू नका, बारीक तडे जातात. भरपूर पाणी, थोडा साबण, मऊ फडकं. दोन तावदानांच्या मधे कधी धुकं धरतं, ते कोरड्या दिवसांत आपोआप जातं. हायवेवर या खिडक्यांचा थोडा सूं-सूं आवाजही येतो. काचेचा येत नाही.

ओट्यापाशची खिडकी मी आणखी मोठी घेणार नाही. शेगडी तिच्यापासून लांब ठेवावी लागते, नाहीतर अ‍ॅक्रिलिकला झळ लागते, आणि फोडणीचा वास नुसत्या त्या खिडकीने जात नाही. छतावर 400 बाय 400 चा पंखा बसवला, तो बाहेर फेकायच्या दिशेने लावला आणि पलंगाची खिडकी मधल्या खाचेवर ठेवली, तेव्हा कुठे हवा व्हॅनच्या एका टोकाकडून दुसरीकडे खेळायला लागली. पैशांची ओढाताण असेल तर हा पंखा आणि पलंगाची खिडकी आधी घ्या, दाराची काच पुढच्या वर्षी बसवली तरी चालेल.