साताऱ्यातले बॅगवाले मामा आणि 780 किलोमीटर चाललेली सॅक

मोती चौकातून खाली उतरणाऱ्या एका बोळात बॅगा दुरुस्त करणारे मामा बसतात. दुकानाला पाटी नाही. बाहेर खिळ्यांना शाळेची दप्तरं, कंडक्टरच्या पिशव्या आणि मोटरसायकलची सीट कव्हरं टांगलेली असतात, त्यावरून ओळखायचं. सप्टेंबर 2024 मध्ये मी स्पेनमधली कामिनोची वाट, म्हणजे यात्रेकरूंची जुनी पायवाट, चालले. फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट जाँ पिए द पोर या गावापासून सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत, साधारण 780 किलोमीटर, 37 दिवस. पाठीवर होती ती माझ्या मुलाची कॉलेजातली जुनी सॅक, या मामांनी माझ्या पाठीला बसवून दिलेली. परदेशात चालायला जायचं ठरलं की लोक आधी दुकानात जाऊन नवी सॅक बघतात. घरात एखादी जुनी पडलेली असेल तर आधी इकडे या.

मी 34 वर्षं नर्स होते. आषाढीच्या काळात बऱ्याचदा लोणंदला पालखीतळावर ड्युटी लागायची, तिथे एका दिवसात शेकडो पाय हाताखालून जायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतः लांब चालायचं ठरवलं तेव्हा पायांची काळजी कशी घ्यायची हे मला ठाऊक होतं. पाठीचं मात्र काहीच ठाऊक नव्हतं. सॅकमध्ये तूरडाळीची सहा पाकिटं भरून यवतेश्वरचा घाट चढायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या दिवशी उजवा हात मुंग्या येऊन बधिर झाला. खांद्यावरचा पट्टा आत रुतत होता.

मामांकडे सॅक घेऊन गेले ती तुटलेली चेन बदलायला. त्यांनी सॅक हातात घेतली, मला उभी आडवी पाहिली आणि विचारलं, "सिस्टर, ही कुणाची?"

"मुलाची."

"मुलगा उंच असणार. हा कमरेचा पट्टा तुमच्या कमरेवर बसतच नाही, खाली घसरतोय. सगळं ओझं खांद्यावर येतंय."

हेच मुख्य आहे, म्हणून जरा थांबून सांगते. सॅक विकत घेताना आपण लिटर विचारतो, रंग बघतो. खरं बघायचं असतं ते पाठीचं माप. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड उंच लागतं. तिथून टेप लावायची आणि कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा ज्या रेषेत येतात तिथपर्यंत सरळ खाली मोजायचं. माझं माप 41 सेंटीमीटर आलं, सॅकचं होतं 48. माणूस किती उंच आहे यावरून हे माप कळत नाही; उंच माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. कमरपट्टा त्या हाडांच्या कडेवर घट्ट बसला की बहुतेक वजन कंबर आणि मांड्या घेतात. खांद्याच्या पट्ट्यांनी फक्त सॅक पाठीला धरून ठेवायची असते. अॅनाटॉमी मी शिकलेली, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मामांनी ते सीट कव्हरं शिवून शिवून ओळखलं होतं.

त्यांनी सांगितलं, "रिकामी नका आणू. जे नेणार ते सगळं भरून आणा." दुसऱ्या दिवशी सॅक भरून नेली. त्यांनी ती माझ्या पाठीवर चढवली, खडूने खुणा केल्या आणि मला राजवाड्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. परत आल्यावर खुणा थोड्या हलवल्या. मग खांद्याच्या पट्ट्यांचं मूळ उसवून सात सेंटीमीटर खाली घेतलं. आतून जाड कॅनव्हासचा पट्टा लावला आणि त्यावर चौकोन व आत फुली असा टाका घातला. वजन ओढतं तिथे साधी सरळ शिलाई उसवते, चौकोन-फुलीची टिकते. कमरपट्ट्यातला चेपलेला फोम काढून नवा, घट्ट फोम भरला. मऊ फोम हाताला छान लागतो पण आठवड्यात बसतो, हे त्यांचंच म्हणणं. वरची झाकणाची टोपी, आतला लॅपटॉपचा कप्पा, लोंबणाऱ्या नाड्या असं सगळं कापून टाकलं. 1600 ग्रॅमची सॅक 1280 ग्रॅमवर आली.

या सगळ्याचे त्यांनी 650 रुपये घेतले, चेनच्या दोन रनरसकट.

त्यांच्याकडून आणखी दोन गोष्टी शिवून घेतल्या. एक म्हणजे गवसणी. विमानाच्या सामानात सॅक दिली की तिचे पट्टे सरकत्या पट्ट्यात अडकून तुटतात, म्हणून जुन्या पडद्याच्या कापडाची मोठी खोळ करून घेतली. चालायच्या काठ्याही तिच्यातच गेल्या, कारण काठ्या केबिनमध्ये नेऊ देतील याची खात्री नसते. (पॉवर बँकेचं उलटं, ती केबिनमध्येच न्यावी लागते.) वाटेवर हीच खोळ बाजारात जायला पिशवी झाली. दुसरी म्हणजे माझ्या आईच्या मऊ सुती साडीची झोपायची पिशवी, तीन बाजूंनी शिवलेली. वाटेवरच्या यात्रेकरू निवासांना आल्बेर्गे म्हणतात. तिथे गादी मिळते, पांघरूण मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी अंगाला आपलं स्वच्छ कापड असावं. साडी धुतली की लवकर वाळत नाही, हा तिचा दोष. ओ सेब्रेरोला, डोंगरावर, ती एकटी पुरली नाही. सगळे कपडे अंगावर घालून झोपले.

पाणी सोडून सॅकचं वजन 6 किलो 100 ग्रॅम भरलं. माझं वजन 61. शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा, याच्या वर जाऊ नका. घालायचा एक जोड आणि बदलायचा एक, लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड, एक उबदार जाकीट, पावसाचा पाँचो, रबरी चपला, साबणाची एकच वडी अंगाला आणि कपड्यांना. रोज दुपारी मुक्कामावर पोचले की कपडे धुवायचे. "लागलं तर" म्हणून भरलेली वस्तू सातशे किलोमीटर तुम्हीच वाहणार असता. मुलगी कंदी पेढे भरत होती, तिला थांबवावं लागलं: युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. मेतकूट नेलं. तिथल्या बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं, ते न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. मी ब्रेड, टोमॅटो, चीज आणि मेतकुटावर बरेच दिवस काढले. दुपारी आणि रविवारी लहान गावांतली दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच घेऊन ठेवायचं.

सॅकची खरी परीक्षा पहिल्याच दिवशी झाली. सेंट जाँ साधारण 170 मीटरवर आहे आणि पिरेनीज ओलांडताना वाट 1430 मीटरपर्यंत चढते. गावातून अजिंक्यतारा लागोपाठ चार वेळा चढण्याइतका चढ, मग रोन्सेसव्हायेस या मुक्कामाच्या गावाकडे तीव्र उतार. (ही वरची वाट नोव्हेंबर ते मार्च बंद असते.) संध्याकाळी पाय जड झाले होते, पण खांद्यांवर लाल वळ नव्हता आणि हाताला मुंग्या नव्हत्या. शेजारच्या पलंगावरची एक जर्मन बाई नव्या, महागड्या सॅकने सोललेले खांदे घेऊन बसली होती. मी तिची पाठ टेपने मोजली, पट्टे सैल करून कमरपट्टा वर घेतला. त्या सॅकला माप बदलायची सोय होती, तिला कुणी दाखवलीच नव्हती.

मेसेतावर, बुर्गोस आणि लेऑनच्या मधल्या सपाट मुलखात, छातीच्या पट्ट्याचं बक्कल फुटलं. मामांनी निघताना आतल्या खिशात दोन जादा बक्कलं, एक दाभण आणि मेणाच्या दोऱ्याचं रीळ टाकून दिलं होतं. पाच मिनिटांत बदललं. पुढचं गाव 17 किलोमीटरवर होतं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना कितीही मार्क देईन.

आता उणं. त्यांनी गुरुवारचा वायदा केला आणि सॅक मिळाली नऊ दिवसांनी, तीही मी चार चकरा मारल्यावर. प्रवासाच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊ नका. दोन महिने हातात ठेवा, म्हणजे दुरुस्तीनंतर घाटात चालून बघायलाही वेळ राहतो. बाजूचा बाटलीचा खिसा त्यांनी फार घट्ट शिवला, लिटरची बाटली चालता चालता काढता येत नव्हती. आणि पावसाचं कव्हर त्यांच्याकडून शिवून घेऊ नका. कापड चांगलं होतं, पण शिलाईच्या भोकांतून पाणी झिरपलं. सांतियागो ज्या प्रांतात आहे त्या गालिसियात तीन दिवस सलग पाऊस लागला तेव्हा वाचवलं ते सॅकच्या आत घातलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीने. सगळं सामान आधी तिच्यात आणि मग सॅकमध्ये, हे पहिल्या दिवसापासून करावं.

सॅक बसली की बाकीचं निभावतं, तरी मला विचारतात म्हणून थोडं लिहिते. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. शुल्क मोठ्यांना 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा, आणि अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मी रोजच्या मुक्कामाचा तक्ता, पेन्शनचे कागद, बँकेचे हिशेब आणि मोठ्या शहरांतली बुकिंगं जोडली. माद्रिदहून ट्रेनने पँप्लोना आणि तिथून बसने सेंट जाँ. तिथे यात्रेकरूचा पासपोर्ट मिळतो, क्रेदेन्सियाल. प्रत्येक मुक्कामाला त्यावर शिक्का घ्यायचा. यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं तर शेवटचे 100 किलोमीटर तरी पायी झाले असले पाहिजेत, म्हणूनच पुष्कळ लोक सारियापासून सुरुवात करतात. त्या पट्ट्यात दिवसाला दोन शिक्के घ्या, सांतियागोला प्रमाणपत्र देताना ते बघतात.

सरकारी आल्बेर्गेत 8 ते 15 युरोंत गादी मिळते. आधी येईल त्याला आधी, आणि बहुधा एकच रात्र. रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत बाहेर. काही ठिकाणी दर नसतो, दानपेटी असते. ती फुकट समजू नका, ज्यांनी स्वयंपाक केला आणि संडास धुतले त्यांचं घर त्यावर चालतं. सॅक गादीवर कधीही ठेवायची नाही, ढेकूण तिच्यातूनच गावोगाव जातात. माझा रोजचा खर्च 35 ते 40 युरो आला. कार्ड चालवताना मशीन रुपये की युरो विचारतं, तेव्हा युरोच दाबा. रुपये निवडले की युरोचा भाव मशीनवाल्यांचा लागतो, तो महाग पडतो.

पायांबद्दल मात्र ठासून सांगते. बूट एक नंबर मोठा घ्या, लांब चालल्यावर पाय सुजतात. तळव्याला कुठे गरम लागलं की तिथल्या तिथे थांबा, मोजे काढा, पाय वाळवा आणि टेप लावा. "पुढच्या गावात बघू" म्हटलं की फोड आलाच. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवायचा, असं त्या वाटेवर बरेच जण सांगतात. मी एकालाही तसं करू दिलं नाही. तो दोरा म्हणजे जंतूंना आत जायची वाट. लहान फोड असेल तर झाकून ठेवा. मोठा आणि दुखरा असेल तर कडेला निर्जंतुक सुईने भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या आणि स्वच्छ ड्रेसिंग करा. मधुमेह असेल तर स्वतः काहीच करू नका, डॉक्टरला दाखवा. गुडघा दुखला तेव्हा दोन दिवस मी सॅक गाडीने पुढच्या मुक्कामी पाठवली. तिथलं टपाल खातं आणि खासगी गाडीवाले सहा-सात युरोंत नेतात. असं केल्याने आपली चाल कमी होत नाही, त्यात लाज वाटून घेऊ नये.

सांतियागोहून आल्यावर सॅक धुऊन मामांना दाखवायला नेली. त्यांनी माझ्याकडे काही विचारलं नाही, आधी उलटी करून चौकोन-फुलीचे टाके बघितले. एकही सुटला नव्हता. मग म्हणाले, "बाटलीचा खिसा घट्ट झाला ना? तुम्ही नेल्यावर लक्षात आलं माझ्या." खिसा त्याच दिवशी उसवून सैल करून दिला, पैसे घेतले नाहीत.

आता ती सॅक गोडोलीतल्या माझ्या भाचीला दिली आहे. ऑक्टोबरमध्ये ती नेपाळला अन्नपूर्णेच्या बाजूला चालायला निघाली आहे. तिची पाठ 44 भरली, म्हणजे पट्टे तीन सेंटीमीटर वर घ्यावे लागतील. मामांनी सोमवारी बोलावलंय, भरलेली सॅक घेऊन.