विद्यार्थ्यांचा उद्योजकतेचा इरादा मोजणारी प्रश्नावली: कामाची आहे, पण मुदत विचारत नाही

विद्यार्थ्यांना स्वतःचा व्यवसाय का सुरू करावासा वाटतो, या विषयावर एमबीएचा प्रोजेक्ट किंवा पीएच.डी. करणारे बरेच जण लिन्यान आणि चेन या संशोधकांच्या प्रश्नावलीपाशी पोचतात. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. विधानं २०, प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ७ (पूर्ण पटतं) गुण. पाया मानसशास्त्रज्ञ आयझेन यांच्या १९९१च्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांताचा: ओढ, जवळच्यांची संमती आणि 'जमेल' हा विश्वास यांतून इरादा बनतो, इराद्यातून कृती. व्यवसायाची ओढ ५ विधानांत, जवळच्यांची संमती ३, 'मला जमेल' हा विश्वास ६ आणि इरादा ६.

सगळ्यात दमदार भाग 'जमेल'चा. व्यवसाय उभारण्याचे व्यावहारिक तपशील माहीत आहेत का, प्रक्रिया आपल्या हातात राहील का, यशाची शक्यता किती वाटते, असं नेमकं विचारलं आहे. उद्योजकतेच्या कोर्सआधी आणि नंतर हाच भाग भरून घेतला तर कोर्सनं काय बदललं ते दिसतं. मात्र दोन्ही फॉर्म जुळवायला सांकेतिक खूण हवी: आईच्या नावाची पहिली २ अक्षरं आणि जन्मतारखेचा दिवस. खूण नसली तर मध्येच कोर्स सोडलेल्यांमुळे सरासरी उगाच वर गेलेली दिसते.

संमतीचा भाग लंगडा. कुटुंब, मित्र, सहकारी यांना तुमचा निर्णय पटेल का, एवढंच त्यात येतं. घरचे 'कर की' म्हणतात आणि गाळ्याच्या डिपॉझिटची वेळ आली की गप्प बसतात. हा फरक इथे पकडलाच जात नाही. रिग्रेशनमध्ये (कोणत्या घटकाचा इराद्यावर किती प्रभाव, हे काढणारं सांख्यिकी गणित) हा घटक प्रभावहीन निघाला तर लगेच विधानं वगळू नका. स्पेन आणि तैवानमधल्या ५१९ जणांच्या मूळ अभ्यासातही संमतीचा इराद्यावर थेट परिणाम दिसला नव्हता. तो ओढ आणि विश्वास यांच्या वाटेनं आला होता. तेव्हा अप्रत्यक्ष मार्ग तपासा.

खरी अडचण इराद्याच्या विधानांत आहे. त्यांत 'कधीतरी' आहे, मुदत नाही. ओढीच्या एका विधानात तर 'संधी आणि साधनं मिळाली तर' अशी अट आहे. फुकट मिळणार असेल तर नको कोण म्हणेल? म्हणून ६-७ गुणांचा ढीग पडतो. सेंट गॅलन विद्यापीठानं २००३मध्ये सुरू केलेलं 'गेस' (GUESSS) हे विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण शिक्षण संपताच काय करणार आणि ५ वर्षांनी काय, असं वेगवेगळं विचारतं. ते दोन प्रश्न जरूर जोडा. महाराष्ट्रात पर्यायांमध्ये नोकरी, स्पर्धा परीक्षा, घरचा धंदा आणि स्वतःचा नवा व्यवसाय हे चारही हवेत. घरचा धंदा वेगळा न ठेवल्यास वडिलांच्या दुकानात बसणारा मुलगाही नवउद्योजकांत मोजला जातो.

आणि फॉर्म वाटायला अंतर्गत गुण देणारे सर नकोत. त्यांच्यासमोर कुणी १ वर खूण करत नाही.