अझुराकास्ट: फुकटचं रेडिओ सॉफ्टवेअर कुणी घ्यावं, कुणी नाही

मिरजेत बसून मी एक छोटं इंटरनेट रेडिओ स्टेशन चालवतो. भजनं, गावातल्या मैफली, सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांशी गप्पा, असा माल. हे सगळं ज्याच्यावर चालतं ते सॉफ्टवेअर म्हणजे अझुराकास्ट. स्टेशन काढायच्या विचारात असलेल्यांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "फुकट आहे म्हणे?" हो, फुकट आहे. ओपन सोर्स आहे, लायसनचे पैसे नाहीत, श्रोते दहा असोत की हजार, सॉफ्टवेअरवाला बिल पाठवत नाही. पण तेवढ्यासाठीच घेणार असाल तर जरा थांबा. मला त्यात सगळ्यात कामाचं वाटतं ते रिपोर्टचं पान. स्टेशन खर्च भागवून दोन पैसे मागे टाकतं ते त्या पानाच्या जोरावर.

आधी हे आहे काय ते सांगतो. भाड्याने सर्व्हर घ्यायचा आणि त्यावर हे बसवायचं. आत दोन जुने प्रोग्राम राबत असतात. लिक्विडसोप पुढचं गाणं निवडून एकामागे एक जोडत राहतो आणि आइसकास्ट तो आवाज श्रोत्यांपर्यंत वाटतो. हे दोन्ही सुटे घेऊनही स्टेशन उभं करता येतं, पण मग सेटिंगच्या फायली हाताने लिहीत बसा. अझुराकास्टने त्यांच्यावर एक नीटनेटकं पॅनेल चढवलंय. ब्राउझर उघडायचा, गाणी चढवायची, प्लेलिस्टला वेळ लावून द्यायची. बसवताना मात्र लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टम) आणि डॉकर (तिच्यावर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) यांची तोंडओळख लागते. नसेल तर कॉम्प्युटर शिकणारा एखादा भाचा-पुतण्या धरा, त्याचं एका दुपारचं काम आहे.

सर्व्हर घेताना लोक रॅम विचारतात. दोन जीबीवर चालतं, चार असली तर बरं, विषय संपला. विचारायचं ते डेटाचं. हिशेब सोपा आहे: ६४ केबीपीएसने (सेकंदाला किती डेटा जातो त्याचं हे माप) ऐकणारा एक माणूस तासाला साधारण २९ एमबी ओढतो. असे शंभर जण चोवीस तास, तीस दिवस जोडलेले राहिले तर महिन्याला दोन टीबीच्या वर जातं. १२८ केबीपीएस ठेवलंत की थेट दुप्पट. अर्थात चोवीस तास शंभर जण हे छोट्या स्टेशनचं स्वप्नच असतं, पण सर्व्हर स्वप्नाच्या मापाने घ्यावा, कारण जीबीमागे पैसे लावणाऱ्या क्लाउडवर एक चांगली मैफल तुमचं महिन्याचं गणित बिघडवू शकते. ठरावीक भाड्यात दोन-चार टीबी देणारा साधा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा एक हिस्सा, बघा. बोलण्याच्या कार्यक्रमाला ६४ केबीपीएसचा एएसी (आवाजाची फाइल दाबून छोटी करायची एक पद्धत) पुष्कळ झाला. तंबोऱ्याला नाही. म्हणून मी दोन माउंट पॉइंट, म्हणजे एकाच स्टेशनचे दोन वेगळे स्ट्रीम, ठेवलेत, मोबाइल डेटावाल्यांना हलका आणि घरी वायफायवर ऐकणाऱ्यांना भारी. अझुराकास्टमध्ये हे दोन मिनिटांत होतं.

दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी करा: स्ट्रीमचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर घ्या. अमेरिकेत लाइव्ह३६५ नावाचा प्लॅटफॉर्म होता, हजारो छोटी स्टेशनं त्याच्या छपराखाली होती. तिथल्या छोट्या वेबकास्टर्सना रॉयल्टीत मिळणारी सवलत २०१५ अखेर संपली आणि २०१६ च्या जानेवारीत ते बंद पडलं. २०१७ मध्ये नव्या मालकाने पुन्हा सुरू केलं, पण मधल्या काळात ज्यांचा पत्ताच त्या प्लॅटफॉर्मचा होता त्यांचे श्रोते वाऱ्यावर गेले. पत्ता तुमचा असेल तर मागचा सर्व्हर रातोरात बदला, ऐकणाऱ्या काकूंना कळतही नाही. डोमेनचा वर्षाचा खर्च एका बऱ्या जेवणाच्या बिलाएवढा.

आता ऑटोडीजे, म्हणजे तुम्ही झोपलेले असताना स्टेशन चालवणारा गडी. तोच कलाकार लगोलग पुन्हा येऊ नये याची काळजी तो घेतो, पण ती फायलींना लावलेल्या टॅगवरून. आपल्याकडच्या फायलींचे टॅग म्हणजे आनंदच असतो. एकाच बुवांचं नाव एका फाइलवर देवनागरीत, दुसरीवर रोमनमध्ये, तिसरीवर पुढे 'पं.' लावून, चौथीवर 'ट्रॅक ०४'. गड्याच्या लेखी हे चार वेगळे कलाकार, त्यामुळे चारही पाठोपाठ लागतात आणि श्रोत्याला वाटतं आज बुवांची पुण्यतिथी आहे. गाणी चढवण्याआधी टॅग एका पद्धतीने लिहून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्यावाचून बाकी सगळं फुकट.

आणि वाजवायला काहीच उरलं नाही तर लागणारी फाइल स्वतःची ठेवता येते. माझ्याकडे तिथे जुळलेला तंबोरा आहे. काही श्रोते तो लागायची वाट बघतात असं आता कळायला लागलंय.

आता पैशाचं. छोट्या स्टेशनचा मालक दुकानदाराकडे जातो आणि सांगतो, आमचे इतके श्रोते आहेत. दुकानदार ते ऐकून घेतो, चहा पाजतो आणि पाठवून देतो. त्याचं बरोबर आहे. एका वेळी साठ-सत्तर लोक ऐकतात यात त्याला काय? श्रोत्यांचा आकडा विकायला जाऊच नका, त्यात एफएमवाला तुम्हाला खाऊन टाकेल. तास विका. सकाळी सहा ते सात भजनाचा तास, प्रायोजक अमुक. तासाच्या सुरुवातीला नाव, मध्ये एकदा, शेवटी एकदा, आणि महिनाभर दुसऱ्या कुणाचंही नाव त्या तासात येणार नाही. दुकानदाराला हे पटकन कळतं, कारण गणपतीच्या मंडपावरचा बोर्ड तो असाच घेतो.

मग तो विचारतो, "वाजलं हे मला कसं कळणार? मी काय सहाला उठून ऐकू?" इथे अझुराकास्ट उपयोगी पडतं. जिंगलची, म्हणजे प्रायोजकाच्या नावाच्या छोट्या जाहिरातीची, वेगळी प्लेलिस्ट करून तिला तासाचं अमुक मिनिट लावता येतं, किंवा इतक्या गाण्यांमागे एकदा, किंवा इतक्या मिनिटांमागे एकदा. आणि काय कधी वाजलं, त्या क्षणी किती जण जोडलेले होते, याची टाइमलाइन रिपोर्टमध्ये असते. ती सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत, उतरवायची, एक्सेलमध्ये त्या दुकानाच्या नावाच्या ओळी तेवढ्या गाळून घ्यायच्या, पीडीएफ करायची आणि महिन्याच्या एक तारखेला व्हॉट्सअॅपवर बिलाआधी पाठवायची. बिलानंतर नाही, आधी. तारीख, वेळ, मिनिट, सेकंद असलेला कागद बघितला की उधारी निघते. पेपरातल्या जाहिरातीचं कात्रण मिळतं, पण केबलच्या पट्टीवर जाहिरात देणाऱ्याला असा कागद कुणी दिलेला नसतो.

श्रोते कुठून ऐकतात याचं पानही असंच. माझ्या सकाळच्या भजनाला मिरज-सांगलीपेक्षा अमेरिकेतून जास्त लोक जोडलेले दिसायचे. घड्याळ लावून बघितलं तेव्हा उलगडा झाला. आपले सकाळचे सहा म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेसात. जेवणं उरकलेली, आई-बाबा भारतातून आलेले, भजन लावलेलं. त्या तासाला मिरजेतल्या किराणा दुकानाची जाहिरात लावून काय उपयोग? आता श्रावण संपला की तो तास फराळाची पार्सलं परदेशात पाठवणाऱ्यांकडे जातो, किराणावाल्याला संध्याकाळचा तास. दोघंही खूश. फक्त एक करा, श्रोत्यांचे आयपी पत्ते प्रायोजकाला देऊ नका, मागितले तरी. सेटिंगमध्ये आयपी न साठवण्याचा पर्याय आहे.

मिरजेबद्दल एक सांगायला हवं, कारण इथे स्टेशन काढणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पहिल्यांदा दवाखाने येतात. गल्लोगल्ली हॉस्पिटल, मग जाहिरातींना काय तोटा! पण डॉक्टरने रुग्ण मिळवायला स्वतःची जाहिरात करणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत बसत नाही. तुम्ही त्यांना अडचणीत टाकता आणि तुमचं नाव खराब होतं. चष्म्याची दुकानं, मेडिकल स्टोअर, पेशंटच्या नातेवाइकांसाठीच्या खाणावळी, लॉज यांच्याकडे जा. हंगामात हळदवाले आणि बेदाणेवाले. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण मोठा प्रायोजक जीएसटीचं बिल मागतो, ते मनाशी धरून बोलणी करा.

एका बाबतीत मात्र अझुराकास्ट तुम्हाला काडीची मदत करत नाही, आणि ती म्हणजे हक्क. ते कुठलीही फाइल मुकाट चढवून घेतं. लोक हजार सिनेमाची गाणी चढवतात आणि 'एफएमवाले वाजवतात की' म्हणतात. एफएमवाल्यांना कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ड आहे, २०१२ मध्ये आलेलं. ठरवून दिलेली रॉयल्टी भरायची आणि वाजवायचं. इंटरनेटला ते लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स (रेकॉर्ड कंपनी) विरुद्ध विंक (इंटरनेटवर गाणी ऐकवणारं अॅप) प्रकरणात सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तेच कायम ठेवलं. म्हणजे तुम्हाला रेकॉर्ड कंपन्यांशी किंवा त्यांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थांशी स्वतः बोलणी करावी लागणार, शब्द आणि चालीचा परवाना वेगळा. साठ-सत्तर श्रोत्यांच्या स्टेशनला ते झेपत नाही. सर्व्हरवर वाचलेला पैसा मी म्हणूनच रेकॉर्डिंगवर घालतो.

माझ्या साठ्याचे दोन भाग. पहिला जुन्या तबकड्यांचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, १९३७ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या केव्हाच त्या मुदतीबाहेर आहेत. त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या मिळवून मी स्वतः उतरवून घेतो. कंपनीने साफसूफ करून काढलेल्या सीडीवरून उचलत नाही, कशाला उगीच नोटीस अंगावर घ्या. दुसरा भाग इथल्या कलाकारांचा, आणि तिथे लेखी कराराचा कागद लागतोच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण चाल कालपरवाच्या संगीतकाराची असेल तर ती त्याची, त्याच्या पश्चातही ६० वर्षं. म्हणून भजनी मंडळाला मी आधीच सांगतो, पारंपरिक चाली म्हणा.

त्या कागदात दोन गोष्टी हमखास राहून जातात. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. न्यू जर्सीवर तास विकणाऱ्याने कागदात 'जगभर' हा शब्द नसताना काम करणं म्हणजे कमालच. मुदत, प्रदेश, पुनःप्रसारण, मानधन आणि कार्यक्रमाच्या मागेपुढे जाहिरात चालेल का, एवढं मराठीत एका पानावर लिहा, वाचून दाखवा, सही घ्या. मंडळाच्या अध्यक्षाची एकट्याची नको, गाणाऱ्या प्रत्येकाची.

थेट प्रक्षेपणाचं फार सांगण्यासारखं नाही, ते नीट चालतं. प्रत्येक निवेदकाला वेगळं खातं आणि वेळ देता येते. तो जोडला की ऑटोडीजे बाजूला होतो, तुटला की परत येतो. पॅनेलमध्ये ब्राउझरवरून बोलायची सोय आहे, पण देवळातून मैफल सोडायची तर लॅपटॉपवर 'बट' नावाचं छोटं सॉफ्टवेअर, मिक्सरची आउट आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. त्याच वेळी रेकॉर्डिंगही करून ठेवा, सर्व्हरवर आणि लॅपटॉपवरही.

पाचात चार तारे. एक कापला तो अपडेटसाठी. अपडेट करताना स्टेशन काही काळ बंद राहतं आणि काही अडलं तर तुमचं तुम्हालाच निस्तरावं लागतं. फोन उचलणारा कुणी नाही. मदत मिळते ती इतर वापरणाऱ्यांकडून, इंग्रजीत आणि त्यांच्या सवडीने. मी अपडेट दुपारी अडीच-तीनला करतो, आपल्याकडे लोक झोपलेले आणि अमेरिकेत पहाट व्हायची असते.

ज्यांना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघूनच घाम फुटतो त्यांनी हे स्वतः बसवू नये. तयार अझुराकास्ट चालवून देणारे होस्टिंगवाले आहेत, महिन्याचं भाडं घेतात. मात्र त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या की डोमेन तुमच्या नावावर राहील आणि सोडून जाताना पूर्ण बॅकअप मिळेल. बॅकअप मागताना 'गाण्यांसकट' असं स्पष्ट म्हणा. गाणी वगळूनही बॅकअप घेता येतो, आणि जागा वाचवायला बरेच जण तोच घेतात.