माळ्यावरचा उपग्रह रेडिओ खाली काढा: अमळनेरच्या एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

आमच्या घरी वर्ल्डस्पेसचा, म्हणजे थेट उपग्रहावरून स्टेशनं पकडणाऱ्या रेडिओचा, सेट २००६ साली आला. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, निवृत्तीच्या पैशातून घेतला होता. मी घरीच शिवणकाम करते. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर जातात, हात गुंतलेले आणि कान मोकळे, त्यामुळे सेट आप्पांचा असला तरी ऐकला सर्वांत जास्त मीच. सकाळी त्यावरच्या 'गंधर्व' स्टेशनवर शास्त्रीय संगीत, दुपारी 'फरिश्ता'वर जुनी हिंदी गाणी. मधूनमधून ए. आर. रहमान यांनी केलेली ती ओळखधून वाजायची. लग्नसराईत ब्लाउज संपता संपायचे नाहीत, रात्रीचे बारा वाजायचे, पण 'गंधर्व'वर कुणीतरी गात असायचंच.

३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. आप्पांनी सेट पुसला, जुन्या धोतरात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला. भंगारवाला दारातच उभा होता, तीस रुपये म्हणाला. मी दिला नाही. आज त्याच सेटवर यमन ऐकत हे लिहिते आहे.

ज्यांनी हा सेट पाहिला नाही त्यांना अँटेनाचं सांगायलाच हवं. पोळपाटापेक्षाही लहान, चपटी, मागे टेकू. उपग्रहाचं नाव एशियास्टार, मार्च २००० मध्ये सोडलेला, विषुववृत्तावर १०५ अंश पूर्वेला, जवळपास ३६ हजार किलोमीटर उंच. आमच्याकडून तो आग्नेयेला, हिवाळ्यात सूर्य उगवतो त्याच्या जरा उजवीकडे आणि क्षितिजापासून साधारण ४९ अंश वर. हे आकडे मला आत्ता कळले. तेव्हा आप्पा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अँटेना धरून उभे आणि मी खाली सेटवरची सिग्नलची पट्टी बघत ओरडतेय, "वाढलं! अजून जरासं! बस, हलू नका!" आप्पा पंधरा मिनिटं हलले नाहीत. मग मी वर जाऊन टेकूखाली विटेचा तुकडा सरकवला. ती वीट सेवा बंद होईपर्यंत तिथेच होती.

दुरुस्तीसाठी आधी धुळ्याला एका दुकानात गेले होते. त्यांनी सेट न उघडताच "याचं आता काही होत नाही, नवीन स्पीकर घ्या" म्हणून सांगितलं. शिवाय अँटेनाच्या वायरचं टोक ओढून काढलं, ते तुटलं. मला फार वाईट वाटलं होतं.

अमळनेरचं दुकान जुन्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत आहे, पाटी नाही. आत जेमतेम दोन माणसं मावतात. चालवणारे साठीच्या पुढचे, सगळे त्यांना नाना म्हणतात. मिक्सर, इस्त्री, पंपाचे स्टार्टर ही पोटापाण्याची कामं, पण मागच्या फळीवर जुने ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर आणि असे तीन उपग्रह रेडिओ ओळीने मांडलेले. त्यांनी आमचा सेट उघडला, मल्टिमीटर लावला आणि म्हणाले, "ताई, हाई मशीन मरेल नही, नुसतं झोपेल शे." अहिराणीत म्हणजे, मेलेलं नाही, नुसतं झोपलंय. तिथेच माझा विश्वास बसला.

त्यांनी मला स्टुलावर बसवून बोर्ड दाखवला. वीजपुरवठ्याच्या भागातले चार कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, फुगले होते, डोकी वर आलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. सेलच्या कप्प्यात हिरवट पांढरं साचलेलं. बटणांखालचे काळे रबरी ठिपके झिजलेले. स्पीकर मात्र ठणठणीत. उपग्रहाचा बोर्ड पत्र्याच्या डबीत वेगळा असतो, त्याला त्यांनी हातच लावला नाही.

"तो काढून टाकला तर जागा होईल ना?" मी विचारलं.

"काढाना नही," ते म्हणाले, "त्यानामुळेच तर हाऊ हाऊ शे." म्हणजे, त्याच्यामुळेच तर हा हा आहे.

त्यांच्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. त्यांनी काहीही कापलं नाही. जे नवीन घातलं ते चार वायरी सोडल्या की निघेल आणि सेट आप्पांनी आणला तसा होईल.

उपग्रहाचा भाग पुन्हा का चालू होत नाही, हेही त्यांच्यामुळेच मला पहिल्यांदा कळलं. माझी समजूत होती की अँटेना दुसऱ्या उपग्रहाकडे वळवली की काहीतरी लागेल. तसं नाही. वर्ल्डस्पेसचं प्रसारण १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झमध्ये यायचं. एका लहरीवर सेकंदाला १६-१६ किलोबिट माहिती वाहणारे ९६ खण, माझ्या बटणांच्या पेटीसारखे. एखादं स्टेशन ६४ किलोबिटचं असेल तर ते चार खण घ्यायचं. आवाज एमपी-थ्रीच्या पद्धतीने दाबलेला. सेटमधली चिप हीच रचना ओळखते, दुसरी कुठलीच नाही, आणि तसं पाठवणारं आता वर कुणी नाही. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीची स्टेशनं उपग्रहावरूनच येतात, पण त्यांच्या लहरी कितीतरी वरच्या, त्या या अँटेनात शिरतही नाहीत.

म्हणून नानांचा उपाय असा. वीजपुरवठा नवा करायचा, कंडेन्सर जास्त व्होल्टेजचे आणि १०५ अंश तापमान सोसणारे घालायचे, एफएम जागं करायचं आणि आवाजाच्या बटणाच्या आधी एक ब्लूटूथचा तुकडा जोडायचा. मग मोबाइलवरून आकाशवाणीच्या अॅपमधलं काहीही या सेटच्या स्पीकरवर येतं. आमच्या घरी आता जळगाव आकाशवाणी लागते, विविध भारती लागते आणि आप्पांसाठी 'रागम'. 'रागम' ही आकाशवाणीची चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेली. सहा वर्षं आप्पा 'गंधर्व'विना राहिले आणि त्यानंतर नऊ वर्षं 'रागम' असूनही आम्हाला पत्ता नव्हता. याची मला खरंच हळहळ वाटते.

पहिल्यांदा सेट घरी आणला तेव्हा एक त्रास झाला. गाणं थांबलं की डास गुणगुणावा तसा बारीक आवाज यायचा. तानपुऱ्याच्या सुरात तो लपायचा, पण दोन आलापांच्या मधल्या शांततेत नेमका ऐकू यायचा आणि आप्पांना तीच शांतता प्यारी. परत नेला. नानांनी कुरकूर केली नाही. ब्लूटूथचा तुकडा आणि सेट एकाच वाटेने वीज घेत होते, म्हणून तुकड्यातली खरखर आवाजात उतरत होती. त्यांनी मध्ये वीज वेगळी करणारा छोटा कन्व्हर्टर बसवला आणि दुकानात सगळे पंखे बंद करून मला ऐकायला लावलं. गुणगुण गेली होती. कन्व्हर्टरचे तेवढे नव्वद रुपये घेतले, मजुरी नाही.

एकूण खर्च ७४० रुपये. वेळ मात्र लागला, चार दिवस म्हणून तेरा दिवस. शेतीपंपांची कामं आली की रेडिओ मागे पडतात, हे धरून चाला. पावती मिळत नाही, मागितली तर वहीच्या कागदावर लिहून देतात.

उणं काय ते सांगते. पूर्वी बटण फिरवलं की स्टेशन बदलायचं, आता मोबाइल हातात घ्यावा लागतो. आप्पांना ते जमत नाही, मलाच उठावं लागतं. कुणाचा फोन आला की राग मध्येच तुटतो. नेट गेलं की सगळं गप्प, मग एफएमवर यायचं. मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले तरी आवाज तुटतो. उपाय म्हणून मुलाचा जुना फोन सेटशेजारी कायमचा चार्जिंगला लावला आहे, त्यात सिमच नाही, घरच्या वायफायवर चालतो. ज्यांच्याकडे तसा जुना फोन असेल त्यांनी हेच करावं.

अँटेनाही वाया गेली नाही. नानांच्या भाच्याने ती लॅपटॉपला रेडिओलहरी पकडणाऱ्या एका यूएसबी डोंगलमधून जोडून दाखवली. अँटेनाच्या पोटात सिग्नल वाढवणारा भाग असतो, त्याला वायरीतूनच वीज लागते, ती पूर्वी सेट द्यायचा. भाच्याने ती वेगळी दिली. जहाजांसाठीच्या उपग्रहांच्या लहरी १५०० मेगाहर्ट्झच्या जरा वर असतात, त्या पडद्यावर उभ्या उजळ रेषांसारख्या दिसल्या. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण सोळा वर्षं माळ्यावर पडलेल्या त्या चपट्या डबीने पुन्हा आभाळातलं काही पकडलं, हे बघून मला भरून आलं. तुटलेलं टोकही त्यांनीच नवं बसवलं.

सेटच्या पडद्यावर अजून उपग्रह शोधत असल्याची खूण येते. नाना ती बंद करणार होते, मी नको म्हटलं. रात्री दिवे घालवले की तेवढा हिरवा उजेड आप्पांच्या पलंगापर्यंत येतो.

जाणार असाल तर अॅडॅप्टर आणि अँटेनाची वायर दोन्ही बरोबर न्या. अॅडॅप्टर नसेल तर नाना सेट ठेवून घेत नाहीत. माझ्या नणंदेकडे नंदुरबारला असाच एक सेट आहे, तिने तो कोठीत धान्याच्या पिंपावर ठेवलाय. पुढच्या आठवड्यात मी तो घेऊन येणार आहे.