पाहुणे आले तरी व्यायाम होईल? बांडुरांची प्रश्नावली वापरून पाहिल्यावर

फिजिओथेरपीत व्यायाम शिकवणं सोपं, तो पेशंटच्या घरी टिकवणं कठीण. ‘रोज कराल ना?’ विचारलं की सगळेच ‘हो हो, करते की’ म्हणतात. म्हणून मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांची व्यायामाबद्दलच्या आत्मविश्वासाची प्रश्नावली वापरते. माझ्या कपाटातला हा सगळ्यात कामाचा कागद.

त्यात १८ प्रसंग आहेत. थकवा आलाय, कामाचा ताण आहे, हवा खराब आहे, आजारातून नुकतेच उठलात, घरात पाहुणे आहेत. अशा वेळीही आठवड्यातून तीनदा किंवा जास्त व्यायाम जमेल याची खात्री किती, ते ० ते १०० मध्ये लिहायचं. अडचण नेमकी कुठे आहे हे कळतं, ही याची खरी किंमत.

गुडघेदुखीच्या एका काकूंनी थकव्यासमोर ८० लिहिले, पावसासमोर ७० आणि पाहुण्यांसमोर १०. घरी सतत येणं-जाणं. बाहेरच्या खोलीत लोक बसलेले असताना आत जाऊन पाय ताणत बसणं त्यांना पटेना. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं, हा व्यायाम आम्ही सकाळी अंथरुणातच बसवला. दाराची बेल वाजायच्या आत उरकतो. नुसती सरासरी काढली असती तर यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून बेरजेच्या नादी लागू नका, एकेक ओळ वाचा.

उणिवाही आहेत. ० ते १०० चा हिशोब आजी-आजोबांना जड जातो. त्यांच्यासाठी संशोधक रेझनिक आणि जेनकिन्स यांची २००० सालची ९ प्रश्नांची, ० ते १० गुणांची प्रश्नावली बरी. त्यात २० मिनिटांचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, एवढंच विचारलंय. शिवाय बांडुरांच्या यादीत आपले सणवार कुठून असणार? मोजपट्टी त्या-त्या कामाला आणि माणसांना साजेशी हवी, असं ते स्वतःच सांगतात. म्हणून मी ‘गौरी-गणपतीच्या दिवसांत’ ही ओळ जोडते आणि तिचे गुण वेगळे ठेवते. बायकांचे सगळ्यात कमी आकडे बहुतेकदा तिथेच पडतात.

एक मात्र पाळा: कागद हातात दिला की खोलीबाहेर जा. आपण समोर उभे असलो की आकडे फुगतात. आणि १० लिहिणाऱ्याला रागवू नका, पुढच्या वेळी तो ९० लिहील आणि व्यायाम करणार नाही.